तीन तांबडे

लोहखनिज वाहणारी अमेरिकन वाघीण, म्हणजे मालगाडीचा उघडा डबा, पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीशी अपुरी वाटते. शेजारचे मालडबे चाळीस-पन्नास फुटांचे आणि ही जेमतेम चोवीस फुटांची. मिनेसोटा राज्यातल्या मिसाबी पट्ट्यातून सुपीरियर सरोवराच्या धक्क्यांकडे अशा आखूड वाघिणींच्या लांबच लांब रांगा शंभराहून अधिक वर्षं उतरत आल्या आहेत. त्यांच्या मोठ्या मापातल्या प्रतिकृती, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या रुळांवर धावणाऱ्या आणि दोन्ही हातांनी उचलाव्या लागणाऱ्या, हे माझं जुनं वेड. कारखान्यातून येते ती वाघीण सुबक असते, टिकाऊही असते. तिला खरी करायची म्हणजे तिच्यावर खनिजाचा अंमल दाखवायचा. हिची लांबी खनिजाने ठरवली, हिच्या अंगावरचे पोचे खनिजाने पाडले, हिचा रंगही खनिजाचाच. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की कानस कुठे चालवायची आणि ब्रश कुठे थांबवायचा ते उमगू लागतं.

आधी लांबीचं पाहू. कोळसा घनमीटरला जेमतेम पाऊण-एक टन भरतो, तर मिसाबीचं हेमेटाइट हे लोहखनिज अडीच टनांच्या आसपास जातं. कोळशाचा मोठा डबा या खनिजाने काठोकाठ भरला तर तो भार धुऱ्यांना झेपणार नाही. म्हणून सत्तर टन उचलणारी पण अंगाने लहान अशी खास वाघीण बनली. तिचे नेमके चोवीस फूट मात्र धक्क्यामुळे आले. डुलुथ आणि टू हार्बर्स इथले खनिज-धक्के म्हणजे पाण्यात घुसलेले उंच पूलच. माथ्यावर रूळ आणि पोटात दोन्ही अंगांनी खनिज साठवायचे कप्पे. डुलुथचा सहा नंबरचा धक्का २,३०४ फूट लांब आहे आणि त्याला ३८४ कप्पे आहेत, दोन्ही बाजूंना १९२. भागाकार केला की एका कप्प्याला बरोबर बारा फूट येतात. चोवीस फुटांची वाघीण नेमकी दोन कप्प्यांची जागा घेते, त्यामुळे एक वाघीण जागेवर आली की मागची सगळी रांग आपोआप जागेवर येते. तळाची दारं उघडायची आणि खनिज खाली सोडायचं. ओलं खनिज चिकटून बसलं तर माणसं लांब दांडे खुपसून ते मोकळं करत.

हे चोवीस फूट कपलिंगच्या, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्याच्या, तोंडापासून तोंडापर्यंतचे. १:२९ या मापात त्यांचे २५२ मिलिमीटर होतात. तयार प्रतिकृतीत कपलिंग बहुतेकदा बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीला, जोडलेलं असतं, कारण खेळण्यासारख्या घट्ट वळणांवरही गाडी फिरली पाहिजे. त्यामुळे दोन वाघिणींमध्ये भलती फट पडते. खऱ्या रांगेत या वाघिणी इतक्या जवळजवळ असतात की बाजूने पाहताना एकाच लयीत वर-खाली होणारा काठ दिसतो. फट रुंदावली की ती लय तुटते आणि मग कितीही रंगकाम केलं तरी डोळ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. म्हणून माझं पहिलं काम ठरलेलं: कपलिंग बोगीवरून काढून थेट डब्याच्या सांगाड्याला बसवायचं, आणि तोंड ते तोंड मोजून २५२ मिलिमीटर आणायचे. वाघीण आखूड असल्याने हे तिला सहज मानवतं. लांब डब्याचं टोक वळणावर जितकं बाहेर झुलतं तितकं हिचं झुलत नाही. आणखी एक फायदा होतो. बोगीवर कपलिंग असलं की गाडी मागे ढकलताना जोर थेट बोगीवर येतो, ती तिरकी होते आणि चाक रुळावरून उतरतं. सांगाड्यावर कपलिंग आलं की जोर खऱ्या गाडीसारखा सांगाड्यातून जातो.

मापाचा घोळ इथेच सांगून टाकतो. ४५ मिलिमीटरच्या रुळावर चालणाऱ्या सगळ्याच गाड्या एका मापाच्या नसतात. खरा प्रमाण रूळ १,४३५ मिलिमीटरचा; त्याला ४५ ने भागलं की जवळजवळ १:३२ येतं. तीन फुटी अरुंद रुळासाठी हिशेब १:२०.३ वर जातो, आणि मीटर गेजसाठी १:२२.५ वर. अमेरिकन मोठ्या गाड्यांसाठी रूढ झालेलं १:२९ यांतल्या कशातच बसत नाही. त्या मापाने रूळ आणखी साडेचार मिलिमीटर रुंद हवा होता, म्हणजे डब्याच्या मानाने चाकं थोडी आत उभी असतात. मी त्याच्या नादी लागत नाही. चाकांपुढे बोगीची चौकट येते, तिची सावली पडते, आणि चालत्या गाडीत तो फरक दिसत नाही. वाघीण रुळापासून फार उंच उभी असली तर मात्र दिसतं. तेव्हा बोगीची टेकण घासून डबा दोन-तीन मिलिमीटर खाली घेतला की ती लगेच जमिनीला धरून असल्यासारखी वाटते. वजनदार वस्तू खाली बसलेली असते आणि डोळ्याला ते बरोबर कळतं.

आता पातळपणाकडे वळू. खऱ्या वाघिणीचा पत्रा पाव इंच जाडीचा धरला तर १:२९ मध्ये तो ०.२२ मिलिमीटर होतो, साध्या पुठ्ठ्याहूनही पातळ. प्लास्टिकची भिंत दोन-अडीच मिलिमीटरची असते. म्हणजे खऱ्या मापात सहा-सात सेंटीमीटर जाड. संपूर्ण भिंत कोण पातळ करणार आणि कशाला? डोळा जाडी मोजतो ती फक्त उघड्या कडेवरून. ज्या कडा वरून किंवा टोकाकडून दिसतात तेवढ्याच आतल्या अंगाने कानशीने तिरक्या उतरवायच्या. बाहेरची रेघ जागेवर राहते, धार मात्र पातळ होते. वरच्या काठाला खऱ्या वाघिणीत लोखंडी कोनपट्टी असते, ती मुळातच जाड, तेव्हा तिथे हात राखून. टोकाकडचे उघडे पत्रे, पायरीच्या पट्ट्या आणि तळाच्या दारांच्या कडा यांवर मात्र कानस मनसोक्त चालवावी.

शिडीच्या पायऱ्या आणि धरायच्या दांड्या हे या सगळ्या कामातलं माझं सर्वांत आवडतं काम. खरी दांडी पाऊण इंच जाडीची, म्हणजे १९ मिलिमीटर. १:२९ मध्ये ती ०.६६ मिलिमीटर येते. साच्यातून निघालेली प्लास्टिकची दांडी हिच्या दुपटी-तिपटीची असते, आणि पुष्कळदा मागच्या भिंतीला चिकटलेलीच. ती धारदार पातीने तासून टाकायची. घाई केली तर मागच्या रिव्हेटही तिच्याबरोबर जातात, म्हणून पातं सपाट धरून थोडं थोडं काढायचं. मग हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन भोकं पाडायची आणि ०.७ मिलिमीटरची पितळी तार चिमट्याने वाकवून बसवायची. दांडी आणि भिंत यांच्यात अंतर किती? मुठीची बोटं आत जातील इतकं, खऱ्या मापात अडीच इंच धरले तर दोन मिलिमीटरहून किंचित जास्त. मी त्या जाडीचा एक पट्टीचा तुकडा तारेच्या आड सरकवून ठेवतो, तो टेकला की तार डिंकाने पक्की करायची आणि तुकडा काढून घ्यायचा. सगळ्या दांड्या एका अंतरावर येतात. उन्हात त्या तारेची सावली भिंतीवर पडली की वाघिणीला माणसाचं माप मिळतं. इथे कुणीतरी हात घालून चढत असे, हे एका तारेने सांगून टाकलं.

या वाघिणीची टोकं उघडी असतात. आतला उतरता पत्रा तळाकडे जातो, त्यामुळे त्याच्या बाहेर, चाकांच्या वर एक मोकळी जागा राहते. तिथेच हवेच्या ब्रेकचा सिलिंडर आणि टाकी बसलेली असते. बंद मालडब्याच्या पोटाखालची नळ्यांची गुंतागुंत कुणाला दिसत नाही. इथे ती बाजूने थेट दिसते. म्हणून त्या दोन नळ्या आणि हँडब्रेकचा दांडा तारेने करायला आळस करू नये. टोकाला लोंबणारा हवेचा होज मऊ रबरी आवरणाच्या वायरचा करतो, म्हणजे तो धक्का लागून तुटत नाही.

पोचे. जुन्या काळी खाणीत फावड्याचं यंत्र थेट वाघिणीत खनिज ओतत असे. वरून टनावारी माल आदळायचा आणि भिंतीचा पत्रा आतून बाहेर फुगायचा. पण फुगवटा कुठेही येत नाही. भिंतीला बाहेरून उभे खांब असतात, ते ताठ राहतात आणि त्यांच्यामधला पत्रा तेवढा पोट काढतो. हे न पाहता केलेला पोचा खोटा दिसतो, मग तो कितीही सफाईने केलेला असो. गरम हवेच्या यंत्राने आतल्या बाजूने एकाच चौकटीवर थोडी ऊब द्यायची, प्लास्टिक किंचित नरम झालं की गोल टोकाच्या लाकडी दांड्याने आतून दाबायचं आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. एक मिलिमीटरसुद्धा पुष्कळ, तो खऱ्या मापात तीन सेंटीमीटर झाला. शेजारच्या खांबांवर ओली फडकी ठेवली तर ते वितळत नाहीत. खिडकी उघडी ठेवावी, तापलेल्या प्लास्टिकचा वास छातीत जाऊ देऊ नये. आणि सगळ्या चौकटी फुगवू नयेत. मधल्या चौकटींवर माल जास्त आदळतो, टोकाच्या बऱ्याच सरळ राहतात.

इथवरचं काम हाताचं. यापुढचं रंगाचं, आणि मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः इथेच आहे.

मिसाबीच्या वाघिणीवर तीन तांबडे असतात. पहिला तिचा मूळ रंग, तो जुना तपकिरी-तांबडा जो अमेरिकन रेल्वेने हजारो डब्यांना फासला. दुसरी खनिजाची धूळ. तिसरा गंज. गंमत अशी की रसायनाच्या हिशेबाने तिघं सख्खे भाऊ. रंगातला तांबडेपणा आयर्न ऑक्साइडच्या भुकटीचा, आपल्या गेरूत असतो तोच. हेमेटाइट म्हणजे आयर्न ऑक्साइड. आणि गंज म्हणजे पाणी धरून बसलेलं आयर्न ऑक्साइड. म्हणून तीन वेगळ्या बाटल्या घेऊन तीन वेगळ्या छटा शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. छटा जवळपासच्याच असतात. वेगळेपण आहे ते जागेत, पोतात आणि चमकेत.

मूळ रंग सर्वत्र सारखा असतो, पण ऊन त्याला खातं. वरचा भाग फिका, गुलाबीकडे झुकणारा होतो, कारण रंग धरून ठेवणारं तेल आधी मरतं आणि भुकटी उघडी पडते. पांढरी अक्षरंही अशीच विरघळल्यासारखी होतात आणि पावसाबरोबर त्यांची फिकट धार खालच्या पत्र्यावर उतरते. ही धार मी जवळजवळ कोरड्या ब्रशने, अक्षराच्या खालच्या कडेपासून सुरू करून सरळ खाली ओढतो. तिरकी धार कधीच नाही. पाणी तिरकं वाहत नाही.

धूळ फक्त जिथे टिकू शकते तिथे असते: काठाच्या पट्टीवर, रिव्हेटच्या वरच्या अर्ध्या गोलावर, टोकाच्या मोकळ्या जागेत, खालच्या तुळईवर, बोगीच्या चौकटीच्या खाचांत. ती पूर्ण निस्तेज असते, बोट लावलं तर उमटेल अशी. उभ्या भिंतीच्या मध्यावर तिचा थर देणं चूक आहे. तिथे ती फार तर ओघळाच्या रूपात येते, आणि ओघळ खांबाच्या मुळाशी जाड होतो.

गंज लागतो तो उघड्या पोलादाला. बाहेरच्या अंगावर तो खरचटलेल्या कडांपुरता असतो. गंजाचं खरं घर वाघिणीच्या पोटात, आणि तिथे प्रकरण रंगतं, कारण तिथे रंग कधीच टिकत नाही. उतरत्या पत्र्यांवरून दर फेरीला सत्तर टन दगडमाती घसरते. ती रंग तर खरवडतेच, गंजही खरवडते. त्यामुळे वापरात असलेल्या वाघिणीचा आतला उतार काळपट पोलादी, घासून गुळगुळीत झालेला असतो आणि गंज राहतो तो कोपऱ्यांत, जोडांवर, वरच्या पट्ट्याजवळ, जिथे माल घासत नाही. सगळं पोट नारिंगी रंगवलं की ती भंगारातली वाघीण होते, कामावरची राहत नाही.

पोट रंगवताना मी आधी सगळीकडे गडद तपकिरी देतो. मग फाटक्या स्पंजचा तुकडा नारिंगी रंगात टेकवून, कागदावर बराचसा टिपून घेऊन, फक्त कोपऱ्यांत आणि जोडांवर टिपके. ते वाळले की पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाच्या टोकावर घ्यायची आणि उतारावर वरून खाली, दारांच्या दिशेने, चोळायची. हात एकाच दिशेने गेला पाहिजे. दोन-तीनदा चोळलं की प्लास्टिकचं अक्षरशः पोलाद होतं. प्रकाशात वाघीण हलकेच फिरवली तर उतारावर एक गार चमक खाली सरकते आणि कोपऱ्यातला गंज निस्तेजच राहतो. याच चमकेने तीन तांबड्यांना आपापली जागा मिळते. शेवटी दारांच्या फटीपाशी आणि कोपऱ्यांत खनिजाची चिमूटभर पूड.

या सगळ्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: महिना. सुपीरियर सरोवराची बंदरं हिवाळ्यात गोठतात. सरोवरातून खाली जाणाऱ्या जहाजांना सू इथल्या जलद्वारांतून जावं लागतं, ती आजही जानेवारीच्या मध्यापासून २५ मार्चपर्यंत बंद असतात. धक्का बंद म्हणजे वाघिणी उभ्या. बर्फात उभ्या राहिलेल्या वाघिणीचा घासून चमकलेला उतार गंजतो, आणि वसंतातल्या पहिल्या फेरीला निघणारी वाघीण आतून नारिंगी असते. काही फेऱ्यांत ते नारिंगी निघून जातं. तेव्हा एप्रिलची वाघीण आणि ऑगस्टची वाघीण आतून सारखी नसते. शरदात आणखी निराळंच. ओलं खनिज वाटेतच गोठायचं, तेव्हा डुलुथजवळच्या प्रॉक्टरच्या रेल्वे-यार्डात वाफेच्या नळ्या खुपसून ते मोकळं करत. अशा वाघिणीच्या दारांभोवती आणि फटींखाली तांबड्या पाण्याचे ठिबकलेले डाग द्यायला मला आवडतं. एक महिना धरून सगळी रांग रंगवली की वाघिणी एकमेकींच्या नात्यातल्या दिसतात, सारख्या न दिसताही.

महिन्याइतकंच साल महत्त्वाचं. मिसाबीचं खनिज पहिल्यांदा बाहेर पडलं १८९२ मध्ये, माउंटन आयर्नच्या खाणीतून. पुढची साठेक वर्षं निघालं ते नैसर्गिक हेमेटाइट, बरंचसं मातकट आणि भुसभुशीत, लालभडक धूळ उडवणारं. दुसऱ्या महायुद्धाने चांगल्या खनिजाचे साठे झपाट्याने खाल्ले आणि मग पाळी आली टॅकोनाइटची. हा कठीण खडक, त्यात लोखंड जेमतेम पंचवीस ते तीस टक्के. मिनेसोटा विद्यापीठातल्या एडवर्ड डेव्हिस यांनी कित्येक दशकं त्याच्यावर काम केलं. खडक पिठासारखा दळायचा, लोहचुंबकाने त्यातलं मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज ओढून घ्यायचं, त्याच्या गोळ्या वळायच्या आणि भट्टीत भाजायच्या. १९५० च्या दशकात सिल्व्हर बे इथे अशा गोळ्यांचा कारखाना सुरू झाला आणि हळूहळू मिसाबीची सगळी वाहतूक गोळ्यांची झाली.

वाघिणीसाठी हा बदल फार मोठा होता. गोळ्यांचा रंग काळपट, जांभळटाकडे झुकणारा राखाडी-तपकिरी. त्यांची धूळही पूर्वीसारखी भडक नाही. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते, म्हणून तितक्याच वजनाला जास्त जागा लागते, आणि त्यासाठी जुन्या वाघिणींच्या काठांवर पत्र्याची वाढीव पट्टी जोडली गेली. तेव्हा १९४८ सालच्या वाघिणीत गोळ्या ओतणं किंवा वाढीव काठाच्या वाघिणीत लालभडक माती भरणं हे मला खटकतं. चाकांचंही तसंच. जुन्या तेलपेटीच्या बेअरिंगमधून तेल पाझरायचं, ते चाकाच्या तबकडीवर उडून काळं, चिकट, धूळ धरलेलं दिसायचं. रोलर बेअरिंग आल्यावर तबकडी कोरडी झाली आणि नुसती गंजली. चाकाची रुळावर घासणारी पट्टी मात्र दोन्ही काळांत लख्ख.

माल भरताना कोन सांभाळावा लागतो. तयार प्रतिकृतीबरोबर येणारा प्लास्टिकचा माल काठापासून काठापर्यंत सपाट पसरलेला असतो. खरा माल मध्ये ढिगाने पडतो, काठाच्या वर डोकं काढतो आणि चारही कोपरे रिकामे राहतात. मातकट खनिजाचा ढीग साधारण पस्तीस-चाळीस अंशांचा उतार धरतो, तर गोल गोळ्या घरंगळतात म्हणून त्यांचा ढीग त्याहून बसका. मी दाट फोमचा ठोकळा कापून आधी ढिगाचा आकार करतो, गडद तांबडा रंगवतो, मग डिंक लावून दगडाची चाळलेली पूड पेरतो, आधी भरड आणि वरून बारीक. गोळ्यांसाठी दाण्याचं माप महत्त्वाचं. खरी गोळी अर्धा इंच धरली तर १:२९ मध्ये ०.४४ मिलिमीटर, म्हणजे बारीक वाळूचा कण. मोठ्या मापात काम करताना हाताला मोठे दाणे घ्यावेसे वाटतात, आणि मग वाघिणीत गोळ्यांऐवजी तोफगोळे भरल्यासारखे दिसतात. मॅग्नेटाइटची काळी वाळू दिसायला सुंदर असली तरी सुटी कधीच वापरू नये. तिचे कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाकडे ओढले जातात आणि मोटर खाऊन टाकतात.

फोमच्या ठोकळ्यात मी एक लोखंडी चकती पुरून ठेवतो. वरून चुंबक लावलं की अख्खा ढीग अलगद उचलला जातो. गाडी धक्क्याकडे भरलेली जावी आणि खाणीकडे रिकामी परतावी, हाच या वाघिणींचा सगळा जन्म आहे, त्यामुळे ही सोय हवीच. गोळ्यांच्या काळातली वाघीण असेल तर आणखी एक करावं: टोकाच्या मोकळ्या जागेत आणि खालच्या तुळईच्या कडेवर चार-दोन गोळ्या सांडलेल्या चिकटवाव्यात. भरताना उडालेल्या गोळ्या तिथे अडकून राहतात, मैलोन् मैल प्रवास करतात आणि हिसक्याने रुळांशेजारी पडतात.

वजनाचा हिशेब मला फार मोहवतो. रिकामी वाघीण वीस टनांच्या आसपास, तिच्यात सत्तर टन माल. अमेरिकन टन लहान असतो, म्हणून एकूण सुमारे ८१ मेट्रिक टन. १:२९ चा घन २४,३८९. भागाकार केला तर भरलेली प्रतिकृती ३.३ किलोची आणि रिकामी पाऊण किलोची हवी. रिकामीचं गणित बऱ्यापैकी जमतं. भरलेलीचं जमवायला गेलं तर वीस वाघिणींची गाडी सहासष्ट किलोंची होईल आणि चढावर कुठलंही इंजिन चाकं फिरवत उभं राहील. मी भरलेली वाघीण सव्वा किलोवर थांबवतो. वजन मात्र ढिगात घालायचं नाही. ते दोन्ही उतारांच्या बाहेर, टोकांच्या मोकळ्या जागेतल्या टाकीमागे, शक्य तितकं खाली लपवायचं. धातूची चाकं घातली की तीच पुष्कळ काम करतात. अशी वाघीण सांध्यावरून जाताना उडत नाही, जडपणे उतरते, आणि गाडी निघताना एकामागून एक कपलिंग ताणली जातात तो आवाज रांगेतून शेवटपर्यंत धावत जातो. मिसाबीच्या रेल्वेवर हा आवाज कसला असेल! १९४१ आणि १९४३ मध्ये बाल्डविन कंपनीने बांधलेली यलोस्टोन जातीची अठरा वाफेची इंजिनं तिथे एकशेऐंशीच्या वर वाघिणी ओढत. ती रांग १:२९ मध्ये पंचेचाळीस मीटर भरते.

बाहेर, उन्हात चालणाऱ्या गाडीबद्दल माझं एक ठाम मत आहे. लहान मापात, दिव्याखाली ठेवायच्या प्रतिकृतींवर लोक काळ्या रंगाचं पाणी सोडून सांध्यांत सावली रंगवतात. मोठ्या मापात ते करू नये. इथे खांब खरोखर दोन-तीन मिलिमीटर पुढे आलेले असतात आणि खरा सूर्य त्यांची सावली पाडतो. सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. रंगवलेली सावली मात्र जागची हलत नाही आणि दिवसाचा बराच वेळ उन्हाशी भांडत राहते. तसंच कोरड्या रंगपुडीचं. पहिल्याच पावसात ती वाहून जाते, आणि वरून वॉर्निश मारलं तर गडद होऊन निम्मी नाहीशी होते. म्हणून मी पूड आधीच पातळ केलेल्या मॅट वॉर्निशमध्ये कालवतो आणि ती धूळ बसायच्या जागी टिपून टिपून लावतो. शेवटचा हात ऊन सोसणाऱ्या मॅट वॉर्निशचा, आतल्या चमकदार उताराला सोडून.

क्रमांक प्रत्येकीचा वेगळा हवा, हे सांगायला नको. १९६७ नंतरच्या काळातली गाडी असेल तर बाजूला रंगीत आडव्या पट्ट्यांची ती छोटी पाटीही लावावी, जी रुळाशेजारचं यंत्र वाचून डबा ओळखत असे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतल्या रेल्वेंनी ती पद्धत सोडून दिली, मळलेल्या पाट्या यंत्राला नीट वाचता येईनात म्हणून. खनिजाच्या वाघिणीवर ती पाटी स्वच्छ ठेवणं म्हणजे तिचा इतिहासच पुसणं. मी ती लावतो आणि लगेच तांबड्याने अर्धी बुजवतो.

सध्या टेबलावर चार वाघिणींचा एक जोड आहे, गोळ्यांच्या काळातला. पुढे मिसाबीच्या रेल्वेने अशा चार-चार वाघिणी पक्क्या दांड्यांनी कायमच्या जोडल्या. कपलिंग फक्त दोन टोकांना. वाढीव काठाच्या पट्ट्या पातळ पत्र्यातून कापून झाल्या आहेत. त्यांचा तांबडा मी खालच्या डब्याहून मुद्दाम ताजा ठेवणार आहे, कारण डबा बरीच वर्षं राबून झाल्यावर ते काठ त्याला लागले, आणि दोघांच्या मधली जोडाची रेघ बाजूने पाहताना लांबूनही कळली पाहिजे.